जड पाणी

एकतीस वर्षं दीपनगरच्या प्रयोगशाळेत
मी पाण्यातून दगड काढत होतो.
बॉयलरला पाणी लागतं अगदी मुकं,
ना चुना, ना मीठ, ना तापीची काही आठवण.
कण राहिला तरी नळीला खपली धरते
आणि मग रात्री दोनला फोन :
"झोपेसाहेब, पाणी काय म्हणतंय?"
(आडनावच झोपे. सगळी शिफ्ट त्यावर हसून घ्यायची.)

आता भुसावळात, पुढच्या खोलीत,
चार फुटी काचेमागे अठरा सिक्लिड आहेत.
जळगावच्या दुकानातून पिशवीत आलेले,
पण रक्तात आफ्रिकेतलं खडकाळ सरोवर.
त्यांना हवं आहे नेमकं तेच
जे मी जन्मभर फेकून दिलं.

आमच्या बोअरचं पाणी असं, की
डाळ शिजता शिजत नाही,
साबण हातावर नुसता घसरतो,
बादलीच्या कडेला पांढरी रेघ.
इंदूच्या मूत्रपिंडात खडा निघाला, सात मिलिमीटरचा.
डॉक्टर म्हणाले, पाण्याचं खात्रीने सांगता येत नाही.
मला येत होतं, असं मला वाटत होतं.
मी गप्प बसलो.

मग ओट्यावर आरओ आलं. त्याला दोन नळ्या.
एकीतून थेंब थेंब हलकं पाणी तिच्या माठात,
दुसरीतून नको असलेलं सगळं मोरीत.
आठवडा झाला नसेल, मी ती दुसरी नळी ओढून
निळ्या ड्रममध्ये सोडली.
"काय करू राहिले तुम्ही?"
"तुझं उरलेलं त्यांना."
तिने पदराला हात पुसले, बोलली काही नाही.

सरळ ओतत नाही अर्थात.
केळीच्या मळ्यांतला युरिया झिरपत झिरपत बोअरपर्यंत येतो,
म्हणून निम्मं नळाचं, आठवड्याने येणारं, ब्लीचिंगच्या वासाचं.
त्यात हायपोचे चार खडे.
एक रात्र पाणी तसंच, पंप बुडबुडत.
सकाळी पीएच सव्वाआठ.
नोकरीत हा आकडा सांगताना
मला कधी आनंद झाला नव्हता.

शनिवारी परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरतो.
अमोनियाचा रंग पिवळा राहिला, तर दुपारची झोप लागते.
हलक्या पाण्यात तो विषारी वायू दात मिटून असतो,
जड पाण्यात चावतो.
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असलेल्याच माणसाने
मे महिन्यात, बाहेर सेहेचाळीस अंश,
फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून
चांगला चकचकीत धुतला.
विष खाऊन जगणारे, डोळ्यांना न दिसणारे
सगळे मोरीतून गेले.

तिसऱ्या दिवशी नळीत कच्च्या केळीचा हिरवा रंग.
निम्मं पाणी बदललं, पुन्हा बदललं,
बर्फाची बाटली तरंगत ठेवली,
तरी चार गेले.
इंदूला म्हटलं, ऊन.
ती निवडत होती मेथी.
"पाण्याचं खात्रीने सांगता येत नाही," म्हणाली,
आणि वर बघितलंही नाही.

आता पिवळ्या मादीचा गळा फुगलेला आहे.
अंडी तोंडात. सतरा दिवस झाले, घास नाही.
बाकीचे धावतात, ती दगडाआड
नुसती जबडा हलवत उभी.
मी पाणी बदलतो पाव भागच,
सलाइनच्या बारीक नळीने,
तिला कळू नये असं.

इंदू खुर्ची ओढून बसते,
हातात हलक्या पाण्याचा पेला.
बाष्प होऊन पाणी बोटभर उतरलंय,
काचेवर पांढरी रेघ राहिली आहे.
"लिंबाने निघेल. पुसू?"
राहू दे, मी म्हणतो.
कुठवर होतं, ते कळतं.